दोन शाखा, एक दप्तर

ज्या घरांतील एखादा मुलगा, मुलगी, सून किंवा भाचा संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याच्या कामावर नाहीं, असें सुशिक्षित घर आज शहरांत विरळाच सांपडेल. अशा घरांतील वडील मंडळींच्या कानांवर ‘मायग्रेशन’ हा शब्द वारंवार पडतो. कोशांत पाहिलें तर त्याचा अर्थ स्थलांतर. पक्षी हिंवाळ्यांत स्थलांतर करतात, दुष्काळांत माणसें करतात. परंतु एका खोलींत बसून काम करणारीं हीं मुलें कशाचें स्थलांतर करतात, आणि तें ‘अडकलें’ म्हणून रात्र रात्र कां जागतात, हें कोडें कांहीं उलगडत नाहीं. आज मी तें कोडें, पारिभाषिक ज्ञानाची कसलीहि अपेक्षा न धरतां, आपणांपुढें मांडणार आहे. विषय वरवर पाहतां कारागिरांच्या कामाचा वाटेल. परंतु ज्या दप्तरांत आपलीं नांवें, आपल्या जन्मतारखा आणि आपल्या मुलाबाळांच्या नोंदी आहेत, त्या दप्तराच्या सुरक्षिततेचा हा प्रश्न आहे. आणि म्हणून तो आपणां सर्वांचा आहे.

प्रथम दप्तर म्हणजे काय, तें पाहूं. संगणकांतील दप्तराला डेटाबेस म्हणतात. १९७० सालीं, आय. बी. एम. कंपनीच्या कॅलिफोर्नियांतील प्रयोगशाळेंत काम करणारे एडगर कॉड यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती यंत्राच्या पोटांत कशी सांठविली आहे, याची चिंता वापरणारानें करूं नये. त्याला ती ओळी व रकाने असलेल्या साध्या कोष्टकांच्या रूपानें दिसावी, असें त्यांचें प्रतिपादन होतें. आज जगांतील बहुसंख्य व्यवहारी दप्तरें याच तत्त्वावर चालतात. आपल्या ओळखीचें उदाहरण घ्यावयाचें तर शाळेचें जनरल रजिस्टर घ्या. प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ. आणि अनुक्रमांक, नांव, जन्मतारीख, मागील शाळा, दाखल झाल्याची तारीख असे रकाने. ओळी दररोज वाढतात. रकाने मात्र ठरलेले असतात.

आतां या वहीशेजारीं एक कारकून बसवा. दाखला मागितला कीं तो अमुक रकान्यांतील नांव व तमुक रकान्यांतील तारीख उतरून घेतो. संगणकांत हें कारकुनाचें काम आज्ञावली करते. परंतु माणूस आणि आज्ञावली यांत एक मोठा भेद आहे. रकान्यांची अदलाबदल झाली, तर माणूस थबकतो, चष्मा पुसतो आणि शिरोलेख वाचून पाहतो. आज्ञावली थबकत नाहीं. तिला सांगितलेला रकाना सांपडला नाहीं, तर ती तेथेंच कोसळते. आणि त्या नांवाच्या रकान्यांत भलताच मजकूर असला, तर तो भलता मजकूर ती निःशंकपणें दाखल्यावर उतरविते. तात्पर्य, वहीचे रकाने आणि कारकुनाची समजूत यांचा मेळ क्षणभरहि तुटतां कामा नये.

रकाने ठरलेले असतात, असें मी म्हटलें. परंतु ते कायमचे ठरलेले नसतात. व्यवहार बदलतो, कायदे बदलतात, आणि त्यांबरोबर वहीहि बदलावी लागते. अगदीं अलीकडचें उदाहरण आपल्याच राज्यांतील आहे. मार्च २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें असा निर्णय घेतला कीं, १ मे २०२४ रोजीं किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांचें नांव शासकीय कागदपत्रांवर लिहितांना प्रथम बालकाचें नांव, मग आईचें, मग वडिलांचें आणि शेवटीं आडनांव, असा क्रम ठेवावा. निर्णय एका वाक्याचा. परंतु नांवें सांठविणाऱ्या दप्तरांपुढें त्यानें केवढा प्रश्न उभा केला असेल, याची कल्पना आपण करूं शकतां.

कागदी वहीच्या काळीं असा बदल सोपा होता. नवीन वर्षाची वही नव्या रकान्यांनीं छापून घ्यावी. जुनी वही कपाटांत जशीच्या तशी राहते. संगणकाच्या दप्तरांत ही सोय नाहीं. तेथें वही एकच, तिच्यांत कदाचित् लक्षावधि ओळी, आणि ती सतत उघडी. वाचणारे वाचीत आहेत, लिहिणारे लिहीत आहेत, आणि अशा वेळीं तिच्याच पानांवर नवे रकाने आंखावयाचे, जुने पुसावयाचे, आणि एका रकान्यांतील मजकूर दुसऱ्यांत हलवावयाचा, असें तें काम आहे. या कामाच्या लेखी आदेशाला मायग्रेशन म्हणतात. दप्तर एका रूपांतून दुसऱ्या रूपांत जातें, एवढाच त्यांतील प्रवास. मी आज त्याला नुसतें ‘पायरी’ म्हणणार आहे. कारण जुन्या रूपापासून नव्या रूपापर्यंत दप्तर अशा अनेक पायऱ्या चढत जातें, आणि त्या क्रमानेंच चढाव्या लागतात.

या पायऱ्या आज्ञावलीबरोबरच लिहून ठेवण्याची रीत आहे. शिवाय प्रत्येक दप्तर आपल्या पोटांत एक लहानशी यादी बाळगतें: मजवर कोणकोणत्या पायऱ्या झाल्या, त्यांची ही यादी. नवी आज्ञावली आली म्हणजे तिच्याजवळील पायऱ्या आणि दप्तरांतील यादी ताडून पाहिल्या जातात, आणि ज्या झाल्या नसतील तेवढ्याच केल्या जातात. व्यवस्था साधी व सुंदर आहे. एकटा मनुष्य काम करीत असेल, तर तींत बहुधा अडचणच येणार नाहीं.

परंतु मोठी आज्ञावली एकटा मनुष्य लिहीत नाहीं. दहा, वीस, कधीं शेंकडों माणसें एकाच ग्रंथावर एकाच वेळीं काम करतात. त्यांनीं एकमेकांच्या हातांवर हात मारूं नयेत म्हणून जो तो मूळ ग्रंथाची एक प्रत घेऊन आपल्यापुरतें काम करतो. या प्रतीला शाखा म्हणतात. काम पुरें झालें कीं ती शाखा मूळ खोडाला पुन्हा जोडावयाची. या व्यवहाराचें आज सर्वांत प्रचलित असलेलें साधन म्हणजे गिट. लिनक्स या प्रणालीचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनीं तें २००५ सालीं तयार केलें. दोन शाखा जोडतांना गिट दोहोंमधील मजकूर ओळीओळीनें ताडून पाहतें. दोघांनीं निरनिराळ्या ठिकाणीं बदल केले असतील, तर दोन्ही स्वीकारतें; दोघांनीं एकाच ठिकाणीं निरनिराळे बदल केले असतील, तर थांबतें आणि ‘येथें तंटा आहे, निवाडा करा’ असें सांगतें.

शाखा फोडावयाचा दुसरा हेतुहि असतो. आज्ञावलीची एक आवृत्ति लोकांच्या वापरांत असतां पुढच्या आवृत्तीचें काम चालूच असतें. वापरांतील आवृत्तींत कांहीं दोष आढळला, तर नव्या आवृत्तीची वाट पाहत बसतां येत नाहीं. जुन्या शाखेवरच तातडीची दुरुस्ती करावी लागते. याप्रमाणें एकाच ग्रंथाच्या दोन-तीन शाखा महिनोन् महिने शेजारीं शेजारीं वाढत राहतात.

येथपर्यंत सर्व ठीक. आतां ज्या मुद्द्यासाठीं हें सर्व सांगितलें, तो मुद्दा येतो. आज्ञावलीच्या हव्या तितक्या प्रती काढतां येतात, त्यांतील एक फेंकून देतां येते, बिघडली तर कालची प्रत पुन्हा आणतां येते. खऱ्या दप्तराचें तसें नाहीं. सराव करण्यासाठीं त्याची नक्कल खुशाल काढावी. परंतु लोकांच्या नोंदी ज्यांत दररोज होत आहेत, तें दप्तर एकच. त्याला शाखा फुटत नाहींत. कालची प्रत आणून ठेवावी, तर आज दिवसभरांत झालेल्या नोंदी नाहींशा होतात. म्हणजे ग्रंथाच्या शाखा अनेक, आणि दप्तर एक. दोन्ही शाखांतील पायऱ्या अखेर याच एका दप्तराला चढावयाच्या आहेत; आणि त्या लिहिणारांनीं एकमेकांचें तोंडहि पाहिलेलें नाहीं!

एक कल्पित उदाहरण घेऊं. एका संस्थेच्या बालवाड्यांचें दप्तर आहे. त्यांत ‘पूर्ण नांव’ असा एकच रकाना असून त्यांत ‘सुमेध गणेश जाधव’ अशीं तीन शब्दांचीं नांवें आहेत. क या लेखकाला काम दिलें कीं, एका रकान्याचे तीन करावे. त्याची पायरी अशी: पहिला शब्द ‘बालकाचें नांव’ या रकान्यांत, दुसरा ‘वडिलांचें नांव’ या रकान्यांत, तिसरा ‘आडनांव’ या रकान्यांत घालावा, आणि मग ‘पूर्ण नांव’ हा जुना रकाना काढून टाकावा. त्याच आठवड्यांत ख या लेखिकेला काम दिलें कीं, शासनाच्या निर्णयाप्रमाणें १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या पूर्ण नांवांत आईचें नांव घालावें. तिची पायरी अशी: पहिल्या शब्दानंतर आईचें नांव बसवावें. ‘सुमेध गणेश जाधव’ याचें ‘सुमेध लता गणेश जाधव’ झालें. दोघांनीं आपापल्या शाखेंत, आपापल्या नक्कल-दप्तरावर पायरी तपासून पाहिली. दोघांचेंहि काम निर्दोष ठरलें.

आतां शाखा जोडा. क याची पायरी एका फायलींत आहे, ख हिची दुसऱ्या. एकहि ओळ समान नाहीं. गिटच्या दृष्टीनें तंटा मुळींच नाहीं. शाखा विनातक्रार जुळल्या. दप्तरावर प्रथम क याची पायरी चालली, तर पुढें ख हिच्या पायरीला ‘पूर्ण नांव’ हा रकाना सांपडत नाहीं, आणि ती कोसळते. ही भाग्याची गोष्ट समजा; कारण चूक ओरडून बाहेर आली. परंतु प्रथम ख हिची पायरी चालली तर? आतां नांवांत चार शब्द आहेत. क याची पायरी निमूटपणें पहिला शब्द बालकाच्या नांवांत घालते. दुसरा, म्हणजे ‘लता’, वडिलांच्या नांवांत घालते. तिसरा, म्हणजे ‘गणेश’, आडनांवांत घालते. आणि ‘जाधव’ हा चौथा शब्द कोणत्याच रकान्यांत न जातां, जुन्या रकान्याबरोबर पुसला जातो. यंत्र कोसळलें नाहीं. कोणतीहि घंटा वाजली नाहीं. यादींत ‘दोन्ही पायऱ्या यशस्वी’ अशी नोंद झाली. आणि शेंकडों बालकांचीं आडनांवें दप्तरांतून गेलीं.

हा दोष कोणाचा? क याचा नव्हे, ख हिचाहि नव्हे. दोघांचीं विधानें स्वतंत्रपणें खरीं होतीं. एकत्र केल्यावर खोटीं झालीं. गिट अक्षरें पाहतें, अर्थ पाहत नाहीं. दोन माणसांनीं एकाच ओळीवर लेखणी ठेविली नाहीं, एवढेंच तें सांगूं शकतें. दोघांच्या मनांत दप्तराचें एकच चित्र होतें कीं नाहीं, हें तें सांगूं शकत नाहीं. यंत्राचें मौन म्हणजे संमति नव्हे, हें या सर्व विषयाचें मर्म आहे.

या अडचणीवर साधनें तयार करणारांनीं काय उपाय योजले, त्याचा इतिहास मनोरंजक आहे. रूबी ऑन रेल्स या साधनांत प्रारंभीं पायऱ्यांना १, २, ३ असे क्रमांक देत, आणि दप्तरांत केवळ शेवटचा क्रमांक लिहून ठेवीत. एकटा मनुष्य असेल तेथवर हें ठीक चालें. परंतु दोन शाखा झाल्या कीं दोघेहि आपापली पुढची पायरी ५ या क्रमांकानेंच लिहीत. बरें, एकानें आपला क्रमांक बदलून ६ केला, त्याच्या दप्तरावर ६ अशी नोंद झाली, आणि मागाहून दुसऱ्याची ५ क्रमांकाची पायरी आली, तर दप्तर म्हणे, ‘मी सहाव्या पायरीवर उभा आहें, पांचवी झालीच असली पाहिजे.’ आणि ती पायरी कायमची गळे.

यासाठीं २००८ सालच्या आवृत्तीपासून रेल्सनें दोन सुधारणा केल्या. क्रमांकाऐवजीं पायरी लिहिल्याची वेळ, वर्ष-महिना-दिवसापासून सेकंदापर्यंत, तिच्या नांवांत घातली. आणि दप्तरांत शेवटचा अंक न ठेवतां झालेल्या प्रत्येक पायरीची नोंद ठेविली. त्यामुळें दोन पायऱ्यांचीं नांवें एकच होण्याचा संभव जवळजवळ संपला, आणि मागून आलेली पायरी गळण्याचेंहि थांबलें. परंतु श्रोत्यांच्या लक्षांत आलें असेल कीं, क्रमाचा प्रश्न यानें सुटत नाहीं. पायरी लिहिली केव्हां, आणि ती दप्तरापाशीं पोंचली केव्हां, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्यानें सोमवारीं लिहिली त्याची शाखा महिन्यानें जुळेल. ज्यानें बुधवारीं लिहिली त्याची त्याच सायंकाळीं.

दुसऱ्या एका घराण्यानें निराळा मार्ग धरला. पायथॉन या भाषेंतील जँगो नांवाच्या साधनासाठीं अँड्र्यू गॉडविन यांनीं प्रथम एक पूरक साधन केलें, आणि पुढें २०१४ सालीं जँगोच्या १.७ या आवृत्तींत पायऱ्यांची व्यवस्था मूळांतच आली. तींत प्रत्येक पायरी आपल्या आधींची पायरी कोणती तें नांवानें सांगते. जशी वंशावळींत प्रत्येकाच्या नांवापुढें पित्याचें नांव, तसें. दोन शाखा जोडल्यावर एकाच पित्याचीं दोन अपत्यें दिसूं लागलीं, म्हणजे वंशावळीला दोन टोंकें झालीं, कीं जँगो पुढें जाण्याचें नाकारतो. माइक बायर यांच्या अलेम्बिक या साधनांतहि हीच वंशावळीची कल्पना आहे. अशा वेळीं एक ‘जोडपायरी’ लिहावी लागते, जिला दोन पिते असतात. ती स्वतः बहुधा कांहीं करीत नाहीं, फक्त दोन टोंकांची गांठ मारते. ती तयार करतांना जँगो दोन्ही बाजूंचे बदल वाचून दाखवितो, आणि विचारतो: हे एकमेकांच्या आड येत नसतील तरच ही गांठ उपयोगी पडेल, मारूं काय?

ज्यानें हा प्रश्न तेथें ठेविला, त्याचें शहाणपण मला फार मोलाचें वाटतें. यंत्र येथें आपली मर्यादा कबूल करतें आणि निर्णय माणसावर सोंपवितें. दुर्दैव इतकेंच कीं, घाईंत असलेला तरुण न वाचतांच ‘होय’ म्हणतो. ही जोडपायरी ‘दोन्ही आधीं झाल्या पाहिजेत’ एवढेंच सांगते; त्या दोहोंत आधीं कोणती, हें ती सांगत नाहीं. एकानें नवा रकाना शुल्काच्या कोष्टकांत घातला आणि दुसऱ्यानें पुस्तकांच्या, तर क्रम कोणताहि असो, फळ एकच. तेथें जोडपायरी पुरेशी आहे. परंतु आपल्या उदाहरणांतल्याप्रमाणें दोघांनींहि नांवालाच हात घातला असेल, तर गांठ मारणें हा उपाय नव्हे. तेथें दोघांनीं एकत्र बसून आधीं कोण तें ठरवावें, आणि मागून येणारानें आपली पायरी, पुढच्याची झाली आहे असें धरून, पुन्हा लिहावी. क आधीं ठरला, तर ख हिला शब्द खोंचण्याचें कारणच राहत नाहीं; तिनें ‘आईचें नांव’ असा चौथा रकाना जोडला कीं काम झालें.

पुन्हा लिहावी, असें म्हटलें. त्यालाहि एक कडक मर्यादा आहे. जोंवर पायरी आपल्याच शाखेंत व आपल्याच नकलेवर आहे, तोंवर ती खुशाल खोडावी, बदलावी. परंतु ती एकदां मुख्य खोडांत जाऊन दुसऱ्या कोणाच्याहि दप्तरावर चालली, कीं तिच्या अक्षरालाहि हात लावूं नये. कारण ज्या दप्तरांच्या यादींत तिचें नांव लागलें आहे, तीं तिला पुन्हा चालविणार नाहींत. त्यांना जुना मजकूर मिळाला, नव्यांना नवा मिळेल, आणि एकाच नांवाखालीं दोन सत्यें नांदूं लागतील. चूक आढळली तर ती सुधारणारी नवी पायरी पुढें जोडावी. फ्लायवे नांवाचें साधन तर प्रत्येक पायरीच्या मजकुरावरून एक पडताळ्याचा अंक काढून दप्तरांत ठेवतें, आणि झालेल्या पायरीचा मजकूर मागाहून बदललेला दिसला, तर तपासणींत तो पकडून काम थांबवितें. शाळेच्या जनरल रजिस्टरांतील नोंद सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीवांचून कोणी बदलूं शकत नाहीं. हाच नियम, फक्त पहारेकरी यंत्र आहे.

आतां घरगुती अडचणींपैकीं एक सांगतों, जी या मुलांना रोज भेटते. एकच मनुष्य सकाळीं एका शाखेवर काम करतो, दुपारीं दुसऱ्या. शाखा बदलली कीं आज्ञावलीचा मजकूर क्षणांत बदलतो. परंतु त्याच्या टेबलावरील सरावाचें दप्तर जसेंच्या तसें राहतें, सकाळच्या शाखेच्या पायऱ्या चढलेलें. मग दुपारची आज्ञावली नसलेला रकाना शोधते आणि कोसळते. पायरी उतरण्याची सोय असते. परंतु ती कशी उतरावी याचा आदेश सकाळच्या शाखेंतील फायलींतच असतो, आणि शाखा बदलतांच ती फाईल समोरून जाते. म्हणून शहाण्यानें शाखा सोडण्यापूर्वीं पायऱ्या उतराव्या, किंवा त्याहून बरें म्हणजे प्रत्येक शाखेसाठीं निराळें सराव-दप्तर ठेवावें. उतरण्याविषयीं एक भ्रमहि दूर केला पाहिजे. काढून टाकलेला रकाना उतरतांना परत येतो खरा, परंतु रिकामा येतो. चौकट परत मिळते, मजकूर नाहीं. खऱ्या दप्तराच्या बाबतींत ‘उतरूं कीं मागाहून’ या भरंवशावर कोणीं विसंबूं नये.

दप्तरयंत्रांतहि स्वभावभेद आहेत. पोस्टग्रेस या दप्तरयंत्रांत रचनेचे बहुतेक बदल एका व्यवहारांत गुंडाळतां येतात: झाले तर सर्व, नाहीं तर एकहि नाहीं. मायएस्क्यूएलमध्यें रचना बदलणारा प्रत्येक आदेश तत्काळ कायम होतो. म्हणून तीन आदेशांची पायरी दुसऱ्यावर अडकली, तर पहिला झालेला, तिसरा न झालेला, असें दप्तर अधांतरीं राहूं शकतें. ‘मायग्रेशन अडकलें’ म्हणून जी जागरणें होतात, त्यांतील कित्येकांचें कारण हें आहे. जेथें असा स्वभाव असेल, तेथें एका पायरींत एकच बदल करावा, हें उत्तम.

या सर्वांवर एक व्यापक उपाय आहे. मार्टिन फाउलर व प्रमोद सदलगे यांनीं दप्तराची रचना क्रमाक्रमानें कशी बदलावी यावर लिहिलें. पुढें २००६ सालीं स्कॉट अँब्लर व सदलगे यांचा या विषयावर स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध झाला. त्यांतील एक मुख्य विचार असा: जुनें व नवें यांना कांहीं काळ एकत्र नांदूं द्यावें. आधीं नवे रकाने जोडावे, जुना तसाच ठेवावा. मग जुन्यावरून नवे भरावे, आणि कांहीं काळ प्रत्येक नवी नोंद दोन्हींकडे करावी. मग वाचणाऱ्या एकेका आज्ञावलीला नव्या रकान्यांकडे वळवावें. जुना रकाना कोणीहि वाचीत नाहीं, अशी खात्री पटल्यावर, कित्येक आठवड्यांनीं, शेवटच्या स्वतंत्र पायरीनें तो काढावा. क यानें हा मार्ग धरला असता, तर वडिलांच्या रकान्यांत ‘लता’ पडली तरी ‘सुमेध लता गणेश जाधव’ हा मूळ मजकूर शेजारीं शाबूत राहता. चूक दिसती आणि दुरुस्तहि होती. नवें घर उभें राहून त्यांत दिवा लागेपर्यंत जुन्याची भिंत पाडूं नये, इतकेंच हें व्यवहारज्ञान आहे.

याखेरीज दोन-तीन पथ्यें थोडक्यांत सांगतों. शाखा फार दिवस दूर ठेवूं नये. जितकी लांब, तितका तंटा मोठा. जुन्या आवृत्तींत तातडीनें घातलेली पायरी नव्या आवृत्तींतहि, त्याच नांवानें, तत्काळ नोंदवावी. नाहीं तर एकच रकाना दोनदां आंखण्याचा प्रसंग येतो. शाखा जोडल्यावर सर्व पायऱ्या दोन प्रकारें चालवून पाहाव्या: एकदां कोऱ्या दप्तरावर पहिलीपासून शेवटपर्यंत, आणि एकदां खऱ्या दप्तराच्या नकलेवर, जेथें लोकांचीं नांवें खरोखर जशीं असतात तशीं आहेत: कोणाचीं दोन शब्दांचीं, कोणाचीं पांच. आणि पायरी चालविण्यापूर्वीं दप्तराची प्रत काढून ती उघडते कीं नाहीं, हेंहि पाहावें. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशासाठीं? एका वेळीं एकानेंच काम करावें, शाखाच नकोत! परंतु तसें केलें तर वीस माणसांतील एकोणीस हात बांधून बसतील. शाखा हें मोकळीकीचें साधन आहे, आणि तें टाकण्याचें कारण नाहीं. मात्र ही मोकळीक ग्रंथापुरती आहे, दप्तरापुरती नाहीं, ही जाणीव सुटतां कामा नये. ग्रंथ चुकला तर आपण तो नव्यानें लिहूं. दप्तरांत ज्यांचीं नांवें आहेत, त्यांनीं तीं एकदांच सांगितलीं आहेत, आणि तीं नीट ठेविलीं जातील या विश्वासानें सांगितलीं आहेत. त्या बालकाला आपलें आडनांव गेल्याचें आज कळणार नाहीं. तें कळेल पंधरा वर्षांनीं, शिष्यवृत्तीच्या किंवा पारपत्राच्या खिडकीपुढें, जेव्हां त्याचे दोन कागद जुळणार नाहींत; आणि तेव्हां क व ख हे दोघेहि ती नोकरी केव्हांच सोडून गेलेले असतील.

म्हणून आपल्या घरांतील मुलगा वा मुलगी हें काम करीत असेल, तर त्यांना पायरी कशी लिहावी हें शिकविण्याची आपली योग्यता नसेल, परंतु एक प्रश्न आपण अवश्य विचारूं शकतों: ‘बाळ, यंत्रानें तक्रार केली नाहीं हें खरें, पण त्याच रकान्याला हात लावणाऱ्या दुसऱ्या माणसाशीं तूं बोललास काय?’ उत्तर ‘होय’ असेल, तर पायरी खुशाल चढूं द्यावी.